फलकावरच्या तारखा आणि आपला समाज

जळगावहून धुळ्याच्या रस्त्याला लागले की टेकड्यांवर एक विद्यापीठ उभे आहे. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांपुढे ते छोटेच. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचे. त्याच्या बातम्या राजधानीच्या वर्तमानपत्रांत येत नाहीत, आल्या तर कोपऱ्यात येतात. आणि खरे सांगायचे तर आंबेडकरी चळवळीच्या पत्रांतही त्या फारशा येत नाहीत. आल्याच तर दोन प्रकारच्या येतात. एक जयंतीच्या कार्यक्रमाची, दुसरी मोर्चाची किंवा निवेदनाची. परंतु विद्यापीठ काही जयंतीच्या दिवशी उघडून मोर्चाच्या दिवशी बंद होत नाही. मधल्या सगळ्या दिवसांत तिथल्या आणि तिच्याशी संलग्न प्रत्येक महाविद्यालयातल्या फलकावर कागद लागत असतात. प्रवेशाची मुदत, शिष्यवृत्तीची मुदत, परीक्षा अर्जाची मुदत, पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तारीख, पदवीधरांच्या नोंदणीची सूचना. हे कागद लागतात, पावसात भिजतात, त्यावर दुसरे कागद लागतात. आपल्या वस्तीपर्यंत त्यातले किती पोहोचतात?

नवे शैक्षणिक वर्ष तोंडावर असताना आम्ही मुद्दाम हा विषय घेतला आहे. काही वाचकांना तो क्षुल्लक वाटेल. संविधानावर, आरक्षणावर रोज घाव पडत असताना हे तारखांचे काय घेऊन बसलात, असे ते म्हणतील. घाव पडत आहेत हे आम्हाला मान्य आहे. पण आरक्षणाच्या जागेवर जो मुलगा बसायचा, त्याचा अर्ज मुदतीनंतर दोन दिवसांनी आला म्हणून बाद झाला, तर त्याच्यापुरते आरक्षण त्याच दिवशी संपले. त्यासाठी कोणत्याही मनुवाद्याला न्यायालयात जावे लागले नाही, कोणताही कायदा बदलावा लागला नाही. एक तारीख पुरली.

या विद्यापीठाचा जन्म १५ ऑगस्ट १९९० चा. त्याच महिन्याच्या ७ तारखेला पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांनी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा केली होती. बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले तेही त्याच वर्षी. हा योगायोग असेल, पण उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जन्मले ते देशातला ओबीसी, दलित, आदिवासी आपला वाटा मागू लागला त्या घटकेला, हे विसरता कामा नये. त्याआधी खानदेशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. एका गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी पुणे गाठायचे म्हणजे शेतमजुराच्या पोराला आठवड्याची मजुरी आणि एक रात्र स्टेशनवर काढावी लागे. ज्याच्या घरात शिकण्याची पहिलीच पिढी होती, त्याला हे अंतर किलोमीटरपेक्षा फार लांबचे होते. आपल्यातले अनेक जण त्या काळात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात किंवा मुंबईच्या सिद्धार्थमध्ये गेले, कारण तिथे बाबासाहेबांचे छत्र होते. विद्यापीठ जळगावला आले आणि पदव्युत्तर शिक्षण यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यात राबणाऱ्याच्या, साक्री-शिरपूरच्या भूमिहीनाच्या घराजवळ आले. निदान नकाशावर तरी आले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार वेगळा झाला, तरी तो याच विद्यापीठात राहिला. आजही सातपुड्यातल्या धडगावच्या किंवा अक्कलकुव्याच्या विद्यार्थ्याला मुख्य परिसर गाठायचा तर दीडशे-दोनशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. फलकावरचा कागद त्याला दिसणार कसा?

२०१८ साली या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. आम्ही या नावाचे स्वागतच करतो. असोद्याची ही शेतकरी बाई लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. जात्यावर, शेतात, चूल फुंकताना तिने जे रचले ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी टिपून ठेवले. १९५१ साली ती गेली. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ते पुस्तकरूपाने आले, म्हणून महाराष्ट्राला कळले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईचे नाव विद्यापीठाला लागते, ही गोष्ट फुल्यांच्या परंपरेला धरूनच आहे.

पण हे नाव लागले तेव्हा आमच्या मनात दुसऱ्या एका विद्यापीठाची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरे जळली. पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. सोळा वर्षे लाँगमार्च, तुरुंग, लाठ्या. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळाले, तेही नामांतर नव्हे तर नामविस्तार. पुण्याला सावित्रीबाईंचे नाव २०१४ मध्ये लागले, जळगावला बहिणाबाईंचे २०१८ मध्ये. कुठेही एक झोपडी जळली नाही, आणि ते योग्यच झाले. बहिणाबाईंच्या नावाशी आम्ही कसलीही बरोबरी-तुलना करीत नाही. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की एका नावासाठी या समाजाने रक्त सांडले, कारण विद्यापीठ म्हणजे काय हे त्याला कळले होते. मग ज्या विद्यापीठासाठी रक्त सांडावे लागले नाही, त्याच्या कारभाराकडे आपण पाठ का फिरवतो?

खानदेशच्या भूमीशी बाबासाहेबांचे नाते निव्वळ सभा-भाषणांचे नाही. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. स्टार्ट समिती म्हणून ती ओळखली जाते. बाबासाहेब तिचे सभासद होते. सोळंकी आणि ठक्कर हेही होते. या समितीच्या कामासाठी १९२९ मध्ये ते खानदेशात आले. धुळ्याकडून परतताना चाळीसगावला उतरले, कारण जवळच्या एका खेड्यात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातल्याची तक्रार होती. चाळीसगावात त्यांना महारवाड्यात न्यायचे, तर एकही टांगेवाला अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला तयार होईना. पाहुण्याला चालत न्यायचे हे तिथल्या महार बांधवांच्या स्वाभिमानाला पटेना. शेवटी टांगा मिळवला आणि आपल्यातलाच एक जण, ज्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता, तो हाकायला बसला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, घोडा खाली गेला, बाबासाहेब दगडी फरशीवर आदळले आणि त्यांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

चाळीसगावची ही गोष्ट आपल्या वक्त्यांना पाठ आहे. तिचा उत्तरार्ध मात्र सहसा कोणी सांगत नाही. ज्या समितीच्या कामात पाय मोडला त्या समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. त्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या वाढवा, वसतिगृहे काढा, अशा शिफारशी होत्या. आणि ती समिती एकट्या अस्पृश्यांची नव्हती. भिल्ल, आदिवासी हेही तिच्या चौकशीचा अर्धा भाग होते. जळगाव-धुळे-नंदुरबारच्या आजच्या विद्यापीठात नेमका हाच समाज शिकायला येतो. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी दोघांचे दुःख एका अहवालात लिहिले गेले होते; आज दोघांच्या विद्यार्थी संघटना एका चहाच्या टपरीवरही एकत्र बसत नाहीत, हे आम्हाला बोलावेच लागेल.

पुढे १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले आणि त्यात उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती मिळू लागली. आज ज्याला आपण भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणतो ती हीच. ही शिष्यवृत्ती कोणा मंत्र्याने कृपा म्हणून दिलेली नाही. तिच्या मागे मोडलेला पाय आहे, इंग्रज सरकारशी घातलेला वाद आहे.

आता तीच शिष्यवृत्ती आपल्या हातात कशी येते ते पाहू. विद्यार्थी महाडीबीटीच्या पोर्टलवर अर्ज भरतो. त्यासाठी जातीचा दाखला लागतो, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते, आणि बँक खाते आधारला जोडलेले लागते. अर्ज महाविद्यालयाच्या कारकुनाकडे जातो, तो तपासून समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे पाठवतो. यातल्या एका ठिकाणी अर्ज अडला तर तो विद्यार्थ्याकडे परत येतो, आणि परत आल्याचे त्याला कळत नाही. कारण अर्ज भरला होता गावच्या नेट कॅफेत, मोबाइल क्रमांक दिला होता मामाचा, आणि मामा तोवर ऊसतोडीला गेलेला असतो. हा आम्ही रचलेला विनोद नाही. चाळीसगाव, साक्री, शहादा या भागातून दिवाळीच्या आगेमागे कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांकडे निघतात, आणि त्याच सुमारास पहिल्या सत्राच्या परीक्षा येतात. फलकावरची तारीख आणि टोळीच्या मुकादमाची तारीख एकाच वेळी येते. मुलगा कोणती पाळतो हे त्याच्या घरातल्या उचलीवर ठरते.

शिष्यवृत्तीसाठी पालकाच्या उत्पन्नाची मर्यादा २०१३ साली अडीच लाखांवर नेली गेली. त्यानंतर दहा वर्षे उलटली, महागाई कुठल्या कुठे गेली, शेतमजुराचा रोज बदलला, पण मर्यादा तिथेच राहिली. २०२०-२१ पासून या योजनेत केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस टक्के ठरला. त्यातून काही राज्यांची अडचण सुटली हे खरे. पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने एका रकमेचे दोन तुकडे झाले आणि दोन तुकडे दोन वेळी येऊ लागले. मधल्या काळात महाविद्यालय शुल्कासाठी तगादा लावते आणि घाबरलेला बाप सावकाराकडे जातो. शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याकडून सुरुवातीलाच सगळे शुल्क मागू नये, असे शासनाने अनेकदा बजावले आहे. तो कागद फलकावर कधी लागत नाही. लागला तर तो आमच्याकडे पाठवा, आम्ही पहिल्या पानावर छापू.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जेवण, राहणे आणि निर्वाह यांसाठी सुरुवातीला मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार रुपये अशी रक्कम ठरली. योजना चांगली आहे. मात्र तिचे पैसे वर्ष संपता संपता आले, तर वर्षभर जेवायचे कशावर? हा प्रश्न समाज कल्याण कार्यालयाच्या दारात जाऊन दरवर्षी विचारावा लागतो. संशोधकांची तऱ्हा निराळी नाही. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२१ च्या तुकडीच्या संशोधकांना मुंबईच्या आझाद मैदानात बसावे लागले होते. ज्यांनी ग्रंथालयात बसायचे ते रस्त्यावर बसले.

विद्यार्थ्यांचे झाले, आता शिकवणाऱ्यांकडे वळू. छोट्या विद्यापीठाचा एक धोका मोठ्यांना कळत नाही. तो आहे बिंदुनामावलीचा. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने शिक्षकांचे आरक्षण विद्यापीठ हा घटक धरून नव्हे, तर विभाग हा घटक धरून मोजा, असा निकाल दिला. ५ मार्च २०१८ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले. केंद्राच्या टक्केवारीप्रमाणे तेरा बिंदूंचे गणित असे बसते की विभागातली चौथी जागा ओबीसीला, सातवी अनुसूचित जातीला आणि अनुसूचित जमातीला चौदावी. आता ज्या विभागात मुळात चार-पाच शिक्षक आहेत तिथे सातवी जागा केव्हा यायची? चौदावी तर तीन पिढ्यांत येणार नाही. दिल्ली-मुंबईच्या भल्या मोठ्या विभागांत निदान सातपर्यंत मोजता येते. जळगावसारख्या ठिकाणी मोजणी तीन-चारवरच संपते. दलित, आदिवासी, बहुजन संघटनांनी देशभर आंदोलन केले, ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला आणि केंद्राला अध्यादेश व नंतर कायदा करून विद्यापीठ हाच घटक पुन्हा मान्य करावा लागला. तो लढा आपण जिंकलो. पण कायदा पुस्तकात जिंकणे आणि जाहिरातीत जिंकणे यांत अंतर असते. जागा भरल्याच नाहीत, तासिका तत्त्वावर माणसे नेमली आणि दरवर्षी तेच केले, तर बिंदुनामावली कपाटात छान राहते. महाविद्यालयात कोणत्या प्रवर्गाच्या किती जागा रिक्त आहेत, अनुशेष किती, हे माहिती अधिकारात एक साधा अर्ज करून विचारता येते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. आपल्यातल्या निवृत्त कर्मचाऱ्यांनी महिन्याला एक असा अर्ज करायचा ठरवला तरी पुष्कळ कपाटे उघडतील.

यानंतर अधिसभा. हा शब्द उच्चारला की आपल्या कार्यकर्त्यांचे डोळे जडावतात, हा आमचा अनुभव आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपण रात्र-रात्र जागतो, वॉर्डातल्या दहा मतांचा हिशेब तोंडपाठ असतो. आणि ज्या सभेत विद्यापीठाचा अर्थसंकल्प येतो, शुल्कवाढीवर प्रश्न विचारता येतो, वसतिगृहांबद्दल जाब विचारता येतो, तिच्या निवडणुकीची तारीख आपल्याला निकाल लागल्यावर कळते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ चा. त्यानुसार नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा प्रतिनिधी अधिसभेवर निवडून जातात. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक जागा राखीव आहे. म्हणजे दहांतल्या पाच जागा. पण मत देण्याचा अधिकार पदवी मिळाली म्हणून आपोआप मिळत नाही. नोंदणी करावी लागते. अर्ज भरायचा, पदवीची प्रत जोडायची, मुदतीत द्यायचा. नोंदणी करणारे कोण असतात? संस्थाचालक. ते आपल्या संस्थेतल्या शिक्षकांकडून, कारकुनांकडून, जुन्या विद्यार्थ्यांकडून गठ्ठ्याने अर्ज भरून घेतात. त्यांनी भरून घेऊ नयेत असे आम्ही म्हणत नाही. तो त्यांचा हक्कच आहे. आपल्या वस्त्यांत पदवीधर नाहीत काय? भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, वरणगावच्या आयुध निर्माणीच्या परिसरात, धुळ्याच्या आणि जळगावच्या बौद्ध वस्त्यांत घरटी एक-दोन पदवीधर निघतील. ते राखीव जागेवरचा प्रतिनिधी निवडून देत नाहीत. म्हणून राखीव जागेवर निवडून येणारा माणूस जातीने आपला असला तरी मतांनी दुसऱ्याचा असतो. पुणे कराराच्या वेळेपासून आपण ज्या रोगाबद्दल बोलतो तो हाच. फरक इतका की इथे मतदार यादी बनवायचे काम आपल्याच हातात होते.

विद्यार्थी परिषदांचे पाहा. थेट निवडणुका महाराष्ट्रात १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने त्या पुन्हा आणण्याचे वचन दिले. २०१९ मध्ये त्यांच्या तारखाही जाहीर झाल्या आणि पुढे ढकलल्याही गेल्या. निवडून आलेला विद्यार्थी प्रतिनिधी नसेल तर मागासवर्गीय विद्यार्थ्याच्या अपमानाची तक्रार कोणाकडे करायची? १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या रोहित वेमुलाने आपले जीवन संपवले, त्यानंतर आपण मेणबत्त्या लावल्या, घोषणा दिल्या. त्याच्या चार वर्षे आधी, २०१२ मध्येच, विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम काढून सांगितले होते की प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी नेमावा. आपल्या महाविद्यालयात तो अधिकारी कोण, त्याच्या खोलीचा क्रमांक काय, हे आमच्या वाचकांच्या घरातला कोणता विद्यार्थी आज सांगू शकेल? या जूनमध्ये त्याला पहिला प्रश्न हा विचारा. उत्तर आले नाही तर प्राचार्यांना लेखी विचारा आणि पोच घ्या.

विद्यापीठात सगळेच रडगाणे आहे असा कोणी अर्थ काढू नये. दरवर्षी युवारंग महोत्सव होतो. नाटक, समूहगान, लोकनृत्य, वक्तृत्व यांत खेड्यापाड्यातली मुले रंगमंचावर येतात. पावरा, भिल्ल मुलांचे ढोल वाजतात आणि अहिराणी व्यासपीठावर ताठ मानेने बोलली जाते. ज्यांच्या आजोबांनी जलशात ढोलकी वाजवली ती पोरे तिथे उभी राहतात तेव्हा आम्हाला आनंद होतो. संशोधनाच्या आविष्कार स्पर्धेतही त्यांनी उतरले पाहिजे. दीक्षान्त समारंभात सुवर्णपदक घेणाऱ्यांत मुली पुढे असतात, आणि त्यांत आपल्या मुलीही दिसतात. पोरीला पदक मिळाले की वस्तीत फलक लागतो, सत्कार होतो. सत्कार करा. फक्त त्याच फलकाच्या शेजारी पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची तारीखही लावा.

आता एक प्रत्यक्ष सूचना.

धुळ्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर लळिंग किल्ल्याच्या परिसरात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ ला न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथे उतरले होते. त्याच वर्षी मुंबई विधानसभेची निवडणूक होऊन त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलत जाधव पूर्व खानदेशातून निवडून आले होते. त्या मुक्कामाच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते. धुळे, जळगाव, नंदुरबार, नाशिक, सगळीकडून लोक येतात. पावसात भिजत, लेकराला खांद्यावर घेऊन येतात. पुस्तकांची दुकाने लागतात, गाण्यांचे कार्यक्रम होतात, सर्व गटांच्या नेत्यांची भाषणे होतात. एकमेकांचे फलक किती उंच यावरून रुसवेही होतात.

हा दिवस नेमका प्रवेशाच्या हंगामात येतो, याकडे आपले लक्ष गेलेले नाही. जून-जुलैत प्रवेश, त्यानंतर शिष्यवृत्तीचे अर्ज, स्वाधारचे अर्ज, वसतिगृहाचे अर्ज. ज्या कुटुंबांना या तारखा कळत नाहीत ती सगळी कुटुंबे त्या दिवशी एका माळावर आपण होऊन जमलेली असतात. मग तिथे पुस्तकांच्या दुकानांशेजारी दहा टेबले का मांडू नयेत? एका टेबलावर शिष्यवृत्तीच्या अर्जाची माहिती, एकावर जात पडताळणीची, एकावर अधिसभेच्या पदवीधर नोंदणीची, एकावर आदिवासी विकास विभागाच्या योजनांची. लॅपटॉप घेऊन बसणारी पोरे विद्यापीठातच शिकत आहेत, त्यांना कोणी बोलावले नाही म्हणून ती आली नाहीत. समाज कल्याण खात्याच्या सहायक आयुक्तांना आयोजकांनी आजच पत्र द्यावे आणि एक कर्मचारी त्या दिवशी पाठवण्याची विनंती करावी. बँकेचा माणूस आधार जोडणीसाठी मिळाला तर उत्तमच. हे काम करताना गटांच्या झेंड्यांचा प्रश्न येऊ नये, कारण टेबलावर झेंडा लागत नाही. आदिवासी विद्यार्थी संघटनांनाही निमंत्रण द्या. स्टार्ट समितीने दोघांना एका अहवालात बसवले होते, आपण एका मंडपात बसवू.

जळगाव शहरात, भुसावळमध्ये, अमळनेरमध्ये, चाळीसगावमध्ये हेच काम विहारांतून करता येईल. रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटे. एका तरुणाने त्या आठवड्यातल्या महाविद्यालयाच्या आणि विद्यापीठाच्या सूचना मोठ्याने वाचून दाखवायच्या. आईबापांना वाचता येत नसेल, ऐकता येते. वर्षावास सुरू होतो तोही प्रवेशाच्याच दिवसांत, आणि विहारात माणसे तेव्हा नेहमीपेक्षा जास्त असतात.

आमच्याकडून आम्ही एवढे करू. येत्या आठवड्यापासून या पानाच्या तळाशी एक चौकट राहील. तिच्यात खानदेशातल्या महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठाच्या, आपल्या विद्यार्थ्यांशी संबंध असलेल्या तारखा छापल्या जातील. यासाठी आमच्याकडे वेगळा बातमीदार नाही, नेमायला पैसेही नाहीत. फलकापुढे उभा राहणारा विद्यार्थी हाच आमचा बातमीदार. कागदावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवा, महाविद्यालयाचे नाव आणि मुदत नीट लिहा, आणि शुक्रवारपर्यंत आमच्या जिल्हा प्रतिनिधीकडे द्या. रविवारच्या अंकात ते येईल. लळिंगच्या यात्रेत टेबल मांडायला जे तयार असतील त्यांनीही आपली नावे तिथेच द्यावीत. ३१ जुलैला आता फार दिवस उरलेले नाहीत.